निर्लेखनाच्या यादीतला ‘डूम’ : पुण्यातल्या संगणक विभागांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहर व परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने यांचे संगणक विभागप्रमुख, प्रयोगशाळा सहाय्यक, ग्रंथपाल आणि डेड स्टॉक रजिस्टर सांभाळणारे सर्वजण

विषय : १९९३ ते २००० या काळातल्या फ्लॉपी, सीडी आणि हार्ड डिस्क भंगारात देण्याआधी त्यांची इमेज (म्हणजे अख्ख्या माध्यमाची एका फाइलमध्ये तंतोतंत प्रत) काढून ठेवण्याबाबत

स. न. वि. वि.

‘डूम’ हा राक्षसांवर गोळ्या झाडत फिरण्याचा संगणक खेळ हरवेल अशी भीती नाही, हे आधीच सांगून टाकतो. अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर कंपनीने तो १० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एफटीपी सर्व्हरवर चढवला. २३ डिसेंबर १९९७ रोजी त्याचा सोर्स कोड खुला केला आणि १९९९ साली तोच कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली आणला. तिकडच्या खेळांच्या संग्रहालयाने २०१५ साली त्याला पहिल्याच फळीत मानाचे पान दिले. जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, एड्रियन कारमॅक, टॉम हॉल, सँडी पीटरसन या मंडळींनी काय आणि कसे केले, याची नोंद भरपूर झाली आहे. त्यात भर घालण्यासारखे पुण्यात फारसे काही नाही.

पुण्यात जे आहे ते दुसरेच. इथल्या प्रयोगशाळांच्या यंत्रांवर कुणी काढलेले नकाशे, कुणी रेकॉर्ड केलेले डेमो (म्हणजे स्वतःच्या खेळीच्या नोंदी), अर्धवट सोडलेले सेव्ह गेम आणि सेटिंगच्या फायली. यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. ही सामग्री आज तुमच्या स्टोअररूममध्ये, कपाटाच्या खालच्या फळीवर, ‘निर्लेखनास पात्र’ (म्हणजे नोंदवहीतून काढून टाकण्याजोगे) अशी चिठ्ठी लागून पडलेली असण्याची शक्यता आहे. हे पत्र त्या चिठ्ठीबद्दल आहे.

एखादा म्हणेल, एका खेळाच्या जुन्या प्रतींत एवढे काय आहे? ज्या शहरातल्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धे शतक महाभारताच्या पोथ्या ताडून पाहण्यात घालवली, त्या शहरात हा प्रश्न विचारला जाऊ नये. ‘डूम’लाही पाठभेद आहेत. १.० आणि १.१ मध्ये काठिण्यपातळ्या चारच होत्या. ‘नाइटमेअर’ ही पाचवी पातळी १.२ मध्ये, म्हणजे फेब्रुवारी १९९४ मध्ये आली. सुरुवातीच्या आवृत्त्यांत पहिल्या भागाच्या चौथ्या नकाशात एक जागा स्वस्तिकाच्या आकाराची होती, ती पुढे बदलली. (आपल्याकडे कुणाचे तिकडे लक्षही गेले नसते.) २०१२ च्या आवृत्तीत औषधाच्या पेटीवरचा लाल क्रॉस गेला आणि तिथे गोळीचे चित्र आले. म्हणून ‘डूम आहे आमच्याकडे’ एवढ्याने भागत नाही. कोणता आहे ते पाहावे लागते. त्याला सोपा उपाय म्हणजे फाइलचा आकार. १.९ च्या शेअरवेअर, म्हणजे फुकट वाटायच्या, प्रतीतली मुख्य वॅड फाइल (खेळातले नकाशे, चित्रे, आवाज यांचा साठा) ४१,९६,०२० बाइटची, पूर्ण आवृत्तीची १,११,५९,८४० बाइटची, ‘अल्टिमेट डूम’ची १,२४,०८,२९२ आणि ‘डूम २’ची १,४६,०४,५८४ बाइटची. आकडा यांतला एकही नसेल तर घाबरू नका, उलट खूश व्हा. बहुधा जुनी आवृत्ती हाती लागली आहे.

जुनी आवृत्ती का मोलाची, तेही सांगतो. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले, तेही आधी चार महानगरांत. ‘डूम’ त्याच्या वीस महिने आधीचा. शैक्षणिक संस्थांपुरते अर्नेट हे जाळे होते खरे, पण बाकी सगळा प्रवास फ्लॉपीवरून फ्लॉपीवर, हातोहात. शेअरवेअरचा पहिला भाग, म्हणजे सत्तावीसपैकी नऊ नकाशे, दाबून दोन फ्लॉपींत बसायचा आणि तो फुकट वाटायला कंपनीचीच परवानगी होती. तेव्हा एखाद्या फ्लॉपीवर १.१ सापडला, तर ती प्रत मार्च १९९४ च्या आसपास, इंटरनेटशिवाय इथवर आली असेल, असा तर्क करता येतो. बाहेरच्या लेबलावरचे हस्ताक्षर, फायलींच्या तारखा आणि आवृत्तीचा आकडा ही तिन्ही ताडली तर खेळ या शहरात कसा पसरला याचा माग निघतो. तो माग काढायचा म्हणजे फ्लॉपीचे दोन्ही बाजूंचे फोटो इमेजइतकेच महत्त्वाचे. एक सावधगिरी मात्र हवी : तारीख १ जानेवारी १९८० अशी दिसली तर तो यंत्राचे घड्याळ चालवणाऱ्या सीमॉस बॅटरीचा मृत्युलेख समजावा, फाइलची जन्मतारीख नव्हे.

आता कामाकडे वळतो.

साडेतीन इंची फ्लॉपी हातात घेतली की आधी तिची सरकती खिट्टी पाहा. भोक उघडे असेल तर फ्लॉपीवर लिहिता येत नाही, आणि आपल्याला तेच हवे आहे. समोरच्या कोपऱ्यातले बिनखिट्टीचे भोक क्षमता दाखवते. त्याच्यावर चिकटपट्टी लावू नका. सव्वापाच इंचीला नियम उलटा : बाजूची खाच झाकली की लेखन बंद. ही काळजी अनाठायी वाटेल, पण विंडोज ९५ किंवा ९८ असलेल्या यंत्रात लेखन बंद न केलेली फ्लॉपी नुसती उघडली तरी तिच्या पहिल्याच सेक्टरमधले (साठवणीच्या छोट्या तुकड्यातले) काही बाइट बदलतात. मूळ वस्तू आपणच बिघडवायची आणि मग जपायची, असे व्हायला नको.

मग झाकण सरकवून मधली चकती बोटाने सावकाश फिरवून पाहा. पुण्याचे पावसाळे काढलेल्या फ्लॉपीवर पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी ड्राइव्हच्या हेडला (वाचणाऱ्या टोकाला) चिकटते, हेड पुढच्या फ्लॉपीला ओरखडे पाडते, आणि एका खराब फ्लॉपीपायी दहा चांगल्या जातात. ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारे कापड घ्या, चकती फिरवत दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. औषधाच्या दुकानातले जखमेवर लावायचे स्पिरिट नको; त्यातले बाकीचे घटक मागे थर ठेवतात. उन्हात वाळवणे तर नकोच. दर आठ-दहा फ्लॉपींनंतर ड्राइव्हचे हेडही पुसा. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी ड्राइव्ह हाती लागला तर तो आधी उघडून पुसावा, मगच त्यात काही घालावे.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह चालतो, पण तो फक्त ठरावीक मांडणीच वाचतो आणि सव्वापाच इंचीसाठी तो मिळतच नाही. फ्लॉपी पन्नासच्या वर असतील तर ग्रीसवीझलसारखे छोटे बोर्ड घ्यावे, हे आमचे स्पष्ट मत. ते चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपते, त्यामुळे आज न वाचलेला सेक्टर उद्या त्याच नोंदीतून पुन्हा वाचून पाहता येतो. नीट वाचलेल्या १.४४ एमबी फ्लॉपीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटची असते : ८० ट्रॅक, २ बाजू, १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. एक बाइट कमी आला तरी काहीतरी चुकले आहे. जागेची सबब इथे टिकत नाही. पाचशे फ्लॉपींच्या इमेज ७३७ एमबीत मावतात.

हार्ड डिस्कचे प्रकरण जरा वेगळे. ३८६-४८६ च्या मदरबोर्डावर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती फुटली की हिरवट क्षार आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. असे यंत्र ‘चालते का बघू’ म्हणून चालू करू नका. डिस्क काढून घ्या, जंपर मास्टरवर लावा, लिनक्स असलेल्या यंत्राला जोडा. आधी कान द्या. टकटक असा ठेका ऐकू आला तर वीज बंद करा आणि ती डिस्क बाजूला ठेवा. एरवी डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने पहिली फेरी न अडखळता करायची, अडलेले सेक्टर सोडून द्यायचे आणि नंतर त्यांच्याकडे दोन-तीनदा परत यायचे. त्याची नोंद-फाइल इमेजसोबतच ठेवायची. ५४० एमबीची धडधाकट डिस्क पाच-दहा मिनिटांत उतरते. अगदी जुन्या डिस्क यूएसबीच्या अडॅप्टरला दिसतच नाहीत, कारण त्यांना पत्ता सिलिंडर-हेड-सेक्टर असा लागतो आणि बहुतेक अडॅप्टरना ती भाषा येत नाही. डिस्क मेली असा निष्कर्ष काढण्याआधी ती आयडीई सॉकेट असलेल्या जुन्या मदरबोर्डाला लावून पाहा. आणि विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असे विचारले, तर उत्तर नाही. हा प्रश्न ज्याने सवयीने ‘हो’ म्हणून सोडवला, त्याच्या पुढचे हे पत्र व्यर्थ आहे.

एक्स्प्लोररमधून फोल्डर ओढून कॉपी केली की झाले, असे कृपया समजू नका. त्याने तारखा बदलतात, पुसलेल्या फायली मागे राहतात आणि बऱ्याचदा सगळ्यात रंजक गोष्ट पुसलेल्या फायलींतच असते. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतून काय पुसले जात असेल, ते तुम्हाला माहीतच आहे.

सीडीबद्दल दोनच गोष्टी. घरी ‘बर्न’ केलेल्या सीडीवरचा स्टिकर सोलू नका, कारण परावर्तक थर लेबलाच्या लगेच खाली असतो आणि तो सोबत निघून येतो. आणि इडच्याच ‘क्वेक’ या खेळाची १९९६ सालची मूळ सीडी सापडली तर तिची आयएसओ प्रकारची इमेज काढू नका. पहिला ट्रॅक खेळाचा, पुढचे दहा ट्रॅक नाइन इंच नेल्स या बँडचे संगीत. आयएसओत फक्त पहिला येतो आणि खेळ मुका होतो. तिथे बिन आणि क्यू अशी फायलींची जोडी काढावी.

इमेज झाली, आता त्यात काय पाहायचे? नावावर आणि शेपटीवर विसंबू नका, फाइलची पहिली अक्षरे पाहा. ‘डूम’ची वॅड फाइल बारा बाइटच्या शीर्षकाने सुरू होते : चार बाइटची ओळख, चार बाइटमध्ये आतल्या घटकांची संख्या, चार बाइटमध्ये अनुक्रमणिकेचा पत्ता. अनुक्रमणिकेतली प्रत्येक नोंद सोळा बाइटची. ओळखीचे पहिले अक्षर ‘आय’ असेल तर मूळ खेळ, ‘पी’ असेल तर कुणीतरी केलेली भर. तुम्हाला हवी ती दुसरी. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सी भाषेत हे वाचणारा प्रोग्रॅम एका प्रॅक्टिकलच्या वेळात लिहिता येतो आणि तो सगळ्या इमेजवर फिरवता येतो.

अशी भर घातलेली फाइल उघडली नाही किंवा खेळ कोसळला म्हणून ती टाकून देऊ नका. ‘डूम’चा नकाशा रेखाटल्यावर त्याचे बीएसपी नोड्स (नकाशाचे तुकडे पाडून केलेली वृक्षासारखी रचना) वेगळे बांधावे लागत, ते बांधलेच नसतील तर नकाशा चालत नाही, पण रेषा, भिंती आणि राक्षसांच्या जागा आत शाबूत असतात. ‘जागा पुरत नाही’ अशा अर्थाचा व्हिसप्लेनचा (एका वेळी दिसणाऱ्या जमिनी-छतांच्या पृष्ठभागांचा) संदेश आला तर नकाशा मूळ खेळाच्या १२८ च्या मर्यादेबाहेर गेला आहे. तो मर्यादा काढलेल्या आधुनिक पोर्टवर (खुल्या कोडवरून नव्याने बांधलेल्या आवृत्तीवर) उघडा. मूळ वागणूक पाहायची असेल तर चॉकलेट डूम हा पोर्ट वापरा, तो मूळच्या चुकाही इमानाने जपतो. आणखी एक तर्क : शेअरवेअर आवृत्ती बाहेरची वॅड फाइल घेतच नाही, सरळ नोंदणी करायला सांगते. तेव्हा भरीची फाइल सापडली म्हणजे ती करणाऱ्याकडे पूर्ण आवृत्ती होती, मग ती डिस्कवर आज दिसो वा न दिसो.

डेमो हा प्रकार आम्हाला सर्वांत प्रिय, कारण तो व्हिडिओ नाही. खेळ सेकंदाला ३५ वेळा ठोका घेतो आणि प्रत्येक ठोक्याला प्रत्येक खेळाडूचे चार बाइट लिहिले जातात : पुढे-मागे, डावे-उजवे, वळण, बटणे. एका मिनिटाला ८,४०० बाइट. त्या काळातल्या कुणाच्या तरी बोटांची हालचाल अक्षरशः तिथे आहे. पण ती पुन्हा उभी राहायची तर तीच आवृत्ती, तीच वॅड आणि खेळाच्या प्रोग्रॅममध्ये बदल करणारा डिहॅकएडचा पॅच लावला असेल तर तोही हवा. एकही गोष्ट वेगळी असली की दहाव्या सेकंदाला खेळाडू भिंतीला धडका मारत राहतो. लोक त्याला ‘करप्ट’ म्हणतात. तो करप्ट नसतो, अनाथ असतो. पहिला बाइट १०९ असेल तर आवृत्ती १.९, १०६ असेल तर १.६६६, शून्य ते चारपैकी काही असेल तर १.२ किंवा त्याआधीची, कारण तेव्हा आवृत्तीचा बाइटच नव्हता आणि सुरुवात काठिण्यपातळीने व्हायची. चौघांचा डेमो चार मिनिटांच्या आत तुटला तरी फाइल अपुरी समजू नका. सांगून वाढवली नाही तर मूळ मर्यादा १२८ केबीची, आणि चौघांत ती तेवढ्यातच भरते. या सगळ्यामुळे एक नियम : फोल्डर फोडू नका. ज्याच्याशेजारी जे होते ते तसेच राहू द्या.

सोबतच्या मजकूर फायलींत नुसता कचरा दिसला तरी त्या ‘दुरुस्त’ करू नका. पुण्यात सी-डॅकचे जिस्ट आणि मॉड्युलरची श्रीलिपी या संगणकावर मराठी लिहिण्याच्या पद्धती घडल्या. युनिकोडच्या आधीचे मराठी त्या पद्धतींत लिहिलेले असू शकते आणि योग्य फाँट किंवा रूपांतरक मिळाला की ते वाचता येते. यूटीएफमध्ये एकदा सेव्ह केले की ती वाट बंद.

कागदही पाहा. एकत्र खेळताना ‘डूम’ आयपीएक्स या नेटवर्क पद्धतीवर चालायचा, म्हणजे ज्या प्रयोगशाळेत तीच पद्धत वापरणारे नॉव्हेल नेटवेअर होते तिथे चौघांच्या खेळासाठी निम्मी तयारी आधीच झालेली असे. १.० आणि १.१ मध्ये प्रत्येक पॅकेट जाळ्यावरच्या सगळ्याच यंत्रांना धडकायचे. या तक्रारीवरून कार्नेगी मेलन विद्यापीठाने लगेचच त्याला मज्जाव केला होता, आणि १.२ मध्ये ते सुधारले. तुमच्या लॉगबुकात ‘प्रयोगशाळेत खेळ खेळताना आढळल्यास…’ अशी सूचना असेल, तर तिचा तारखेसह स्कॅन घ्या. निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यकांशी बोलताना ‘कसे दिवस होते ते’ असे विचारू नका. केबल कोणती होती, ते विचारा. काळी कोअॅक्स असेल तर टोकाला ५० ओहमचे टर्मिनेटर असणार, आणि मधल्या एकाने टी-कनेक्टर उपटला की सगळी रांग एकदम बंद पडणार. कोणत्या यंत्रावरून नेहमी पडायची हे त्यांना आजही आठवत असते, आणि त्यावरून बाकीचे आपोआप निघते.

कायद्याची अडचण खरी आहे, ती झाकत नाही. सोर्स कोड खुला असला तरी खेळातली चित्रे, आवाज आणि नकाशे खुले नाहीत. त्यांचे हक्क आज मायक्रोसॉफ्टच्या छत्राखाली आहेत. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये २०१२ साली सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणुकीची मुभा मिळाली, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल तर. फ्लॉपीवर जन्मलेल्या खेळाची अशी प्रत कुठून आणणार? त्याच कलमात कायदेशीर प्रतधारकाला संगणक प्रोग्रॅमची सुरक्षिततेसाठी प्रत करता येते, पण तीही ठरावीक हेतूपुरतीच. म्हणून आमची सूचना अशी की अख्ख्या इमेज बंद ठेवाव्यात, कुणाला देऊ नयेत. यादी खुली करावी. विद्यार्थ्यांनी केलेले नकाशे आणि डेमो ज्याचे त्याला विचारून खुले करावेत. दाखवायचे असेल तर ‘फ्रीडूम’ या खुल्या परवान्याच्या संचावर ‘डूम २’साठीचे बरेचसे नकाशे चालवता येतात. डिस्कवर गुणपत्रके, पत्ते, पत्रव्यवहार सापडेलच. त्या भागाला हात लावू नये आणि त्याची यादीही करू नये.

रक्तपाताच्या खेळासाठी शैक्षणिक संस्थेने वेळ का घालवावा, हा आक्षेप येणार. जर्मनीनेही १९९४ साली तो अल्पवयीनांसाठी निषिद्ध यादीत टाकला होता आणि २०११ साली काढला. आम्ही एवढेच म्हणतो की बीएसपी वृक्ष, १६.१६ चे फिक्स्ड पॉइंट गणित (अपूर्णांक पूर्णांकांतूनच हाताळण्याची रीत) आणि २५६ आकड्यांच्या तक्त्यातून काढलेली यादृच्छिकता विद्यार्थ्याला एकाच चालत्या प्रोग्रॅममध्ये दाखवायची असेल, तर याहून सोयीचा सोर्स कोड आम्हाला माहीत नाही. आणि केळकर संग्रहालयात अडकित्ते मांडले आहेत ते सुपारीच्या प्रचारासाठी नव्हे.

नोंदीचे स्वरूप साधेच असू द्या : दाखल क्रमांक, माध्यम, लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा, कोणत्या खोलीतून आले, इमेजचा आकार, एसएचए-२५६ बेरीज (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा), न वाचलेले सेक्टर, कुणी व कधी वाचले. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. चित्रे टिपताना ३२० बाय २०० अशीच ठेवा, पण दाखवताना ४:३ मध्ये ताणा. नाहीतर सगळे राक्षस बुटके दिसतात.

सेव्ह गेमच्या फायली मात्र शेवटी, निवांत वेळ काढून बघा. त्यांचे पहिले चोवीस बाइट म्हणजे खेळाडूने स्वतः टाइप केलेले नाव. सेटिंगच्या फाइलमध्ये नेटवर्कवर एका कळीने पाठवायचे दहा तयार संदेश असतात. कंपनीचे इंग्रजी संदेश बदलून कुणी रोमन लिपीत मराठी शिव्या भरल्या असतील तर त्या तिथे आहेत, तारखेसह.

मूळ वस्तू नंतर ई-कचरा नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्वापरकाकडे खुशाल जाऊ द्या. आमची विनंती एका रकान्याची आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावात ‘खरेदी किंमत’ आणि ‘सद्यःस्थिती’ यांच्यापुढे ‘इमेज घेतली : होय / नाही / वाचता आली नाही’ असा एक रकाना वाढवा आणि तो कोरा असेल तर प्रस्तावावर सही करू नका. बोर्ड, ड्राइव्ह आणि पहिल्या दिवसाचे दोन हात आम्ही घेऊन येतो. एक टेबल, दोन प्लग पॉइंट आणि स्टोअररूमची किल्ली लागेल.

आपले नम्र,
जुन्या संगणक खेळांच्या नोंदी ठेवणारे काही पुणेकर